साक्षीदाराचे आडनाव

बचत खाते उघडण्याच्या बँकेच्या जुन्या अर्जावर खालच्या अंगाला एक चौकट असे. ओळख देणाऱ्याचे नाव, त्याचा खाते क्रमांक आणि सही. अर्जदार कितीही सालस दिसो, पाच रुपयांनी खाते उघडो की पाच हजारांनी, बँकेचा एखादा जुना खातेदार या गृहस्थास आपण ओळखतो अशा अर्थाची सही करीत नाही, तोवर तो अर्ज पुढे सरकत नसे. पुढे ओळखपत्रे आली, केवायसी आले आणि ती चौकट नाहीशी झाली. तिच्यामागचा विचार साधा आणि पक्का होता. दारात आलेला माणूस अनोळखी असेल, तर त्याला घेऊन आलेला माणूस कोण, हे बँकेला आधी कळायला हवे असे.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे एक अडते या चौकटीच्या बाबतीत फार काटेकोर होते. घरात आणि पेठेत सारेच त्यांना अण्णा म्हणत. एकदा त्यांचे मेहुणे एका तरुणाला घेऊन दुकानी आले. मुलगा नव्याने व्यापारात उतरला होता, खाते उघडायचे होते, अण्णांची सही हवी होती. अण्णांनी त्याला बसवून घेतले, चहा दिला, गाव विचारले, आडनाव विचारले, वडील काय करतात ते विचारले आणि मग म्हणाले, “महिनाभर दुकानी येत जा. मग सही करतो.”

मेहुण्यांना ते लागले. “मी सांगतोय, तरी?”

“पाहुणे, तुम्ही सांगताय म्हणून तर चहा दिला. सही केली की बँक याला माझ्या तोंडाने ओळखणार. आधी माझी तरी ओळख होऊ द्या.”

मुलगा महिनाभर येत राहिला आणि त्याला सही मिळाली. मेहुणे मात्र पुढचे दोन सण फिरकले नाहीत. अण्णांनी त्याचे वाईट वाटून घेतले, पण शिरस्ता बदलला नाही.

हळदीच्या धंद्यात ही सवय अंगी मुरावीच लागते. हरिपूरच्या पेवांतून, जमिनीच्या पोटातून निघालेला माल पोत्यांत भरून समोर येतो, तेव्हा पोत्याच्या तोंडाशी असलेली हळकुंडे नेहमीच देखणी असतात. खरेदीदाराला हात घालायचा असतो तो पोत्याच्या बुडाशी. नवख्या मुनिमाला अण्णा पहिल्या दिवशी हेच शिकवीत.

असे हे अण्णा एका प्रसंगी चौकट न पाहता सही करून बसले. आणि ती सही आपण कोणत्या अर्जावर केली होती, हे त्यांना पंचवीस वर्षांनी कळले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. ही बातमी महाराष्ट्राला परकी नव्हती. कोकणातील आणि इतर भागांतील कितीतरी माणसे तेथे नोकरीला होती. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १,७०,००० भारतीयांना तेथून बाहेर काढण्यात आले. बहुतेकांचा मार्ग बसरा, बगदाद, मग वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मान, आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई असा होता. मिरजेचा एक फिटर याच वाटेने सप्टेंबरात घरी परतला. पंधरा वर्षांची कमाई दिनारांत होती आणि त्या दिनाराला रातोरात किंमत उरली नव्हती. अण्णांच्या दुकानी तो आला, तेव्हा त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती, एवढेच.

कुवेतवर झालेले आक्रमण खरे होते. लूट खरी होती, माणसे बेपत्ता होत होती, भीती खरी होती. हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण पुढची सारी कथा या खरेपणाच्या आधारावरच उभी राहिली.

१० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांच्या मानवाधिकार गटासमोर एक पंधरा वर्षांची कुवेती मुलगी उभी राहिली. तिने आपले नाव नायिरा एवढेच सांगितले. कुवेतमध्ये असलेल्या नातलगांच्या जिवाला धोका नको म्हणून आडनाव गुप्त ठेवले आहे, असे ऐकणाऱ्यांना सांगण्यात आले. रडत रडत तिने सांगितले, की ती एका रुग्णालयात स्वेच्छेने काम करीत होती, तेव्हा बंदुका घेतलेले इराकी सैनिक आत आले, त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेट्यांतून बाहेर काढले, पेट्या नेल्या आणि बाळांना थंड फरशीवर मरायला टाकून दिले.

त्याच रात्री अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ती मुलगी घरोघरी पोहोचली. पुढच्या काही आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही बाळांची कथा आपल्या भाषणांतून वारंवार सांगितली. डिसेंबरात अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या जगन्मान्य संस्थेच्या अहवालात ती आली, आणि तेथे तर मृत बाळांचा आकडा तीनशेच्या वर गेला होता. १२ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेच्या सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला अनुमती दिली. चर्चेत अनेक सदस्यांनी त्या बाळांचा उल्लेख केला. तीन सदस्यांनी मत बदलले असते, तर ठराव पडला असता.

सांगलीत अण्णांनी ही कथा वर्तमानपत्रात वाचली. पेपर घडी करून त्यांनी बाजूला ठेवला आणि त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ती सांगितली. शेतकऱ्याला, हमालाला, मुंबईच्या खरेदीदाराला. रात्री जेवताना घरच्यांना सांगितली. थोरल्या मुलाने, “अण्णा, लढाईच्या काळात दोन्ही बाजू काहीबाही पसरवतात,” एवढेच म्हटले, तर ते ताटावरून उठले. ज्याला फरशीवर टाकलेल्या बाळाचे काही वाटत नाही त्याच्याशी बोलायचे नाही, असे म्हणाले.

या साऱ्यात एक गोष्ट घडून गेली, जिच्याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही. मिरजेचा तो फिटर कामाच्या शोधात पुन्हा दुकानी आला होता. अण्णांनी त्याला विचारले, “तू होतास ना तिथे? बाळांचे ऐकलेस?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दुकाने लुटलेली मी डोळ्यांनी बघितली. आमच्या शेजारचा पोरगा नेला, तो परत आला नाही, तेही बघितले. दवाखान्यातले मला काही ठाऊक नाही, अण्णा.” अण्णांना वाटले, बिचारा अजून घाबरलेला आहे. तेथे राहून आलेला एकमेव ओळखीचा माणूस समोर उभा होता, ठाऊक आहे तेवढेच सांगत होता, आणि ज्या मुलीचे आडनावही माहीत नव्हते तिच्यापुढे त्याचे बोलणे फिके पडले.

युद्ध संपल्यावर पोत्याच्या बुडाशी हात गेला. मुक्त झालेल्या कुवेतमध्ये पत्रकार आणि मानवाधिकार संस्थांची माणसे पोहोचली, त्यांनी रुग्णालयांत चौकशी केली, डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारले. सैनिकांनी शेकडो बाळे पेट्यांतून काढून मारल्याचा पुरावा मिळेना. काही बाळे दगावली होती. पण डॉक्टर आणि परिचारिका जीव वाचवून पळाल्याने त्यांची देखभाल करणारे कोणी उरले नव्हते, हे त्यामागचे कारण होते. अ‍ॅम्नेस्टीने आपले म्हणणे मागे घेतले. ६ जानेवारी १९९२ रोजी जॉन मॅकार्थर या प्रकाशक-लेखकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले, की नायिराचे आडनाव अल-सबाह आहे. ती अमेरिकेतील कुवेतच्या राजदूतांची मुलगी, राजघराण्यातील.

आडनाव लपवले होते, ते यासाठी.

बाकीचा हिशेबही बाहेर आला. ‘सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत’ या नागरिकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या संघटनेने हिल अँड नोल्टन या अमेरिकेतील बड्या जनसंपर्क कंपनीला काम दिले होते. शुल्क एक कोटी डॉलरच्या घरात होते, आणि संघटनेचा जवळजवळ सारा पैसा कुवेतच्या सरकारकडून आला होता. कोणत्या गोष्टीने अमेरिकी मनाला पीळ पडतो याची पाहणी करून घेतली गेली. साक्षीची तयारी कंपनीने करून दिली, चित्रीकरण कंपनीने केले, आणि तयार फीत वाहिन्यांकडे पाठवली गेली. आणखी एक बारकावा, जो बँकेत आयुष्य घालवलेल्या कोणाच्याही नजरेत भरेल: ज्या गटासमोर साक्ष झाली तो काँग्रेसची अधिकृत समिती नव्हताच. सदस्यांनी आपखुशीने चालवलेला तो गट होता. त्यामुळे साक्षीला शपथ नव्हती, आणि खोटे बोलल्याबद्दल शिक्षाही नव्हती. कागदावर शिक्का होता, पण तो शिक्का ज्या कचेरीचा वाटत होता तिचा नव्हता.

त्या एका साक्षीमुळेच युद्ध झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तेल होते, सीमा होत्या, महासत्तेचा मान होता. परंतु जे डळमळीत होते त्यांचे मन कोणत्या बाजूला झुकले आणि कशामुळे, हा प्रश्न उरतोच. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमीरिया येथील आश्रयस्थानावर अमेरिकी बॉम्ब पडले आणि आत झोपलेली चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या, मुले होती. तीही बाळेच होती.

अण्णांना हे कळले २०१६ साली. नातू पुण्याला जनसंज्ञापनाचे शिक्षण घेत होता आणि दिवाळीला घरी आला होता. प्रचारावरील प्रकरणात नायिराची साक्ष त्याच्या अभ्यासाला होती. त्याने जेवताना सहज सांगायला सुरुवात केली. अण्णांनी मध्येच विचारले, “कुठली पेटीतली बाळे? ती कुवेतची?” नातवाने सारे सांगितले. थोरला मुलगा, जो १९९१ साली ताटावर बसला होता, तो आताही ताटावर होता. तो काही बोलला नाही. अण्णाही काही बोलले नाहीत. सकाळी मात्र नातवाला हाक मारून म्हणाले, “मी त्या पोरीचे आडनाव विचारले नाही बघ. बँकेत कुणाच्या पाच रुपयांच्या खात्याला विचारत होतो.”

नातवाने समजूत घातली, की तेव्हा भल्याभल्यांनी विचारले नाही. ते खरेच होते. पण का विचारले नाही, हा प्रश्न अण्णांना सुटेना. दुकानी बसून ते त्याचाच विचार करीत. आणि त्यांना जे उमगले ते प्रचारावरच्या पुष्कळ पांडित्यापेक्षा नेमके आहे. ते म्हणत, बाळ मेले म्हणून कोणी रडत आले, तर त्याला तुझे आडनाव काय, असे विचारता येते का? विचारणाराच निर्दय ठरतो. जेथे विचारणे असभ्य वाटते, तेथेच माल आणून उतरवायचा.

कुशल प्रचार कसा चालतो याचे एवढे थोडक्यात वर्णन सापडणे कठीण. सरसकट खोटे फार काळ टिकत नाही हे प्रचारकालाही ठाऊक असते. तो निम्म्याहून अधिक खऱ्या मालावर आपले थोडे पेरतो आणि ते अशा ठिकाणी पेरतो, जेथे शंका घेणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. लहान मूल, आई, देवस्थान, सीमेवरचा जवान. ही सारी स्थाने खरोखर पवित्र आहेत, म्हणूनच ती वापरली जातात. शंका घेणाऱ्याची गाठ मग प्रचारकाशी पडत नाही. ती पडते आपल्याच घरातल्या, खऱ्या कळवळ्याने पेटलेल्या माणसाशी. प्रचारक त्या वेळी दूर कोठेतरी आपल्या कचेरीत असतो.

दुसरी युक्ती व्यापाऱ्यांना अधिक परिचयाची आहे. जुन्या पेढ्यांवर शाहजोग हुंडी चाले. तिचे पैसे कोणाही हुंडी दाखवणाऱ्याला देता येत नसत. ती घेऊन आलेला माणूस ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला आहे, याची चौकशी करणे ही पैसे देणाऱ्याची जबाबदारी असे. चौकशी न करता पैसे दिले आणि हुंडी खोटी निघाली, तर नुकसान देणाऱ्याच्या माथी. याच्या उलट टोकाला, बँकांना ज्यांचा फार ताप होई, त्या मालाशिवायच्या हुंड्या. दोन व्यापारी एकमेकांवर हुंड्या काढीत, तिसरा त्यांवर सही करी, कागदावर लाखोंचा व्यवहार दिसे आणि गोदामात एक पोतेही हललेले नसे. प्रत्येक सहीमुळे पुढच्याचा विश्वास वाढे. मूळ माल पाहिला कोणी, हे विचारायला गेले की प्रत्येकजण आपल्या आधीच्या सहीकडे बोट दाखवी.

कुवेतच्या बाळांची कथा अशीच फिरली. राष्ट्राध्यक्षांनी सांगितली म्हणून वर्तमानपत्रांनी छापली, मान्यवर संस्थेच्या अहवालात आली म्हणून ती अधिक खरी झाली, सिनेटमध्ये बोलली गेली म्हणून पुन्हा वर्तमानपत्रांत आली. सह्या वाढत गेल्या. माल एकाच मुलीच्या तोंडचा होता. आजही एखादी बातमी पाच वाहिन्यांवर दिसली की ती पाच ठिकाणांहून आली असे वाटते. बारकाईने पाहिले तर पाचही जण ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ एकाच कागदाकडे बोट दाखवीत असतात. पाच सह्या म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत, हे ज्याने हुंडीच्या धंद्यात एकदा तरी हात पोळून घेतले आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही. आश्चर्य एवढेच, की पैशाच्या कागदाला लावलेली ही कसोटी तोच माणूस बातमीच्या कागदाला लावीत नाही. दहा रुपयांची नाणी हे त्याचे घरगुती उदाहरण. नाण्यावरच्या रेघा मोजून अमुक रेघांचे नाणे खोटे, असे कोणीतरी उठवले आणि अनेक गावांत दुकानदारांनी सरकारी टांकसाळीचे चलन गल्ल्यात घेणे बंद केले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की दहाच्या नाण्याच्या चौदाही प्रकारच्या आकृत्या ग्राह्य आहेत. तरीही कित्येक ठिकाणी गल्ल्यावरचा नकार पुढे बराच काळ टिकला. मोठ्या बँकेच्या लेखी जाहिरातीपेक्षा शेजारच्या दुकानदाराचा तोंडी नकार वजनदार ठरला.

नायिराचे समजल्यावर अण्णा काही महिने दुसऱ्या टोकाला गेले होते, हेही सांगितले पाहिजे. सारे पेपर विकले गेलेले, सारे खोटेच, असे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र बंद केले. वरकरणी हे शहाणपणाचे दिसते. नातवाने त्यांना एक प्रश्न विचारला: “अण्णा, तिचे आडनाव शोधून काढले कोणी? पेपरातच छापून आले ना?” अण्णांनी पेपर पुन्हा सुरू केला, एकाऐवजी दोन, परस्परांशी न पटणारे. आतल्या पानावर कोपऱ्यात येणारा खुलासा आणि चूकदुरुस्ती ते आधी वाचू लागले. जो पेपर आपली चूक छापतो त्याच्याशी व्यवहार ठेवायला हरकत नाही, असे त्यांचे मत झाले. कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस प्रचारकाच्या कामाचाच असतो, कारण त्याच्या लेखी खरा साक्षीदार आणि भाडोत्री साक्षीदार सारखेच होतात. पेटीतली बाळे खोटी ठरली, तेव्हा कुवेतमधून खरोखर बेपत्ता झालेल्या माणसांच्या बायकामुलांकडेही जग संशयाने पाहू लागले. मिरजेच्या फिटरच्या शेजारचा तो मुलगा कोणाला आठवणार?

जून २०१८ मध्ये अण्णांच्या कुटुंबाच्या गटावर एक निरोप आला. महाराष्ट्रात मुले पळवणाऱ्या टोळ्या उतरल्या आहेत, भिकाऱ्यांच्या वेशात फिरतात, अमुक तालुक्यातून इतकी मुले गेली, पुढे पाठवा, एखाद्या आईचे लेकरू वाचेल. खाली एक चित्रफीत: दुचाकीवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारे मूल उचलतात आणि निघून जातात. निरोप पाठवला होता इचलकरंजीच्या पुतण्याने. पाच मिनिटांत तो सुनेने माहेरच्या गटावर धाडला होता. अण्णा त्यावर नुसते बसून राहिले. मग त्यांनी पुतण्याला फोन लावला.

“कुणाचे मूल गेले? आडनाव काय? गाव कुठले?”

पुतण्या गडबडला. त्याला तो यंत्रमागवाल्या मित्राकडून आला होता. अण्णांनी मित्राचा नंबर घेतला. मित्राला तो बायकोच्या भिशीच्या गटावरून आला होता. भिशीतल्या बाईंना तो ज्याने पाठवला, त्याचे नाव त्यांच्या फोनमध्ये नव्हते, नुसता नंबर होता, आणि तो उचलला गेला नाही. दोन तास गेले. तोवर घरात वातावरण तापले होते. सून म्हणाली, “अण्णा, लहान पोरांचा प्रश्न आहे. खोटे निघाले तर निघू दे. खरे असले तर?”

हा प्रश्न पेचात टाकणाराच होता. ती वाईट बोलत नव्हती. तिच्या पदरी सात वर्षांचे लेकरू होते. अण्णांनी तिला कुवेतची गोष्ट सांगितली नाही. ते म्हणाले, “पोलीस स्टेशनला विचारू. मूल गेले असेल तर तिथे नोंद असेल.” आणि ते खरेच चालत पोलीस ठाण्यात गेले. तेथील हवालदाराने हात जोडले. दिवसातून दहा जण हेच विचारायला येतात, म्हणाला, नोंद एकही नाही. अण्णांनी घरी येऊन गटावर तेवढेच लिहिले: पोलिसांत विचारले, नोंद नाही, निरोप कोठून आला ते सापडत नाही, कोणी पुढे पाठवू नये. पुतण्याला राग आला. एकाने लिहिले, वडीलधाऱ्यांना काळ कळत नाही. एका भाचीने हसणारा चेहरा टाकला. सुनेने माहेरच्या गटावरून तो काढला नाही, कारण तो तेथून पुढे केव्हाच गेला होता.

त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या त्या चित्रफितीचे मूळही पुढे उघड झाले. ती कराचीत तयार झालेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत शेवटी तेच दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि मुले पळवणे किती सोपे असते, सावध राहा, असा फलक दाखवतात. कोणीतरी शेवटचे ते काही क्षण कापून टाकले होते. वॉशिंग्टनमध्ये आडनाव कापले होते, येथे शेवट कापला होता. एवढा मात्र फरक, की वॉशिंग्टनच्या कथेचा कर्ता आणि त्याचे शुल्क पुढे नोंदले गेले. या निरोपाच्या मागे कोण होते, हे त्या अनुत्तरित नंबरापलीकडे अण्णांना कधी कळले नाही. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांना एक पैही मिळाली नव्हती.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात उतरले. ते मुले पळवणारे आहेत, अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. पाचही जण गेले. ते मुळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, म्हणजे सांगलीपासून फार दूरचे नव्हेत. असे गोसावी सुगीनंतर सांगलीच्या यार्डातही येत, दुकानोदुकानी फिरत. अण्णांच्या दुकानातून त्यांना दरवर्षी हळकुंडे आणि शिधा मिळे. त्यांची आडनावे अण्णांनीही कधी विचारली नव्हती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या निरोपांवर तशी खूण उमटवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप धाडता येणार नाही, असे ठरवले. पाचांचीच मर्यादा का, हे ज्याने ठरवले त्यालाच ठाऊक.

सोमवारी सकाळी राईनपाड्याची बातमी दोन्ही पेपरांत पहिल्या पानावर होती. सुनेने ती वाचली, पेपर अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि आत जाऊन बराच वेळ माहेरी फोनवर बोलत राहिली. कुटुंबाच्या गटावर कोणीही त्याविषयी लिहिले नाही. पुतण्याचा जूनमधला निरोप तेथून नाहीसा झाला होता. त्या जागी निरोप काढून टाकल्याची एक करडी ओळ उरली होती. तिच्याखाली अण्णांचे, कोणी पुढे पाठवू नये, आणि त्याखाली भाचीचा हसणारा चेहरा. सव्वासातला पुतण्याने रोजच्याप्रमाणे कमळाचे चित्र आणि ‘जय जिनेंद्र’ पाठवले. अण्णांनी उलट ‘जय जिनेंद्र’ लिहिले, टोपी घातली आणि ते दुकानाकडे निघाले. त्या दिवशी वसमतहून हळदीची गाडी यायची होती.